एक्केचाळिसाव्या पानावरचा ठिपका

तुझ्या शोकसभेत, तुझं सर्वांत आवडतं वाक्य म्हणून, मी माझंच वाक्य वाचून दाखवलं.

गजानन, हसू नकोस. किंवा हस बाबा, आता तुला कोण अडवणार! सभेतले लोक हसलेच की. इंदापूरच्या तुझ्या वाचनालयात जाजमावर पन्नासएक माणसं बसली होती. टेबलावर तुझा चष्मा, तुझी दौत आणि झेंडूचा हार. अध्यक्षस्थानी वकीलसाहेब. ते म्हणाले, "गजाननरावांचे बालमित्र, बारामतीचे सदाशिव मास्तर, हे स्वतः ग्रंथकार आहेत. ते दोन शब्द बोलतील." ग्रंथकार म्हटल्याबरोबर माझी मान ताठ झाली. दुःख तिथल्या तिथे पाठीमागे सरकलं, हे मी तुला लपवून काय करू?

भाषण मी मोटारीत बसून पाठ केलं होतं. मी म्हणालो, "आमच्या गजाननानं शेकडो पुस्तकांच्या समासात आपली मतं लिहिली. एका पुस्तकाच्या समासात मात्र त्यानं एक अक्षरही लिहिलं नाही. तिथे फक्त एक ठिपका दिला. शब्द अपुरे पडले की जाणकार माणूस ठिपका देतो." मग खिशातून माझी 'कऱ्हाकाठची कुमुदिनी' काढली, म्हणजे तुझ्याच कपाटातली, आणि एक्केचाळिसावं पान उघडून गळा दाटल्यासारखा करून वाचलं, "आणि कुमुदिनीच्या नेत्रांत कऱ्हेचा सारा महापूर दाटून आला!"

मागून कुणीतरी शेजाऱ्याला विचारलं, "कऱ्हेचा पूर म्हंजे गढूळ की वो. डोळं आलं हुतं का काय तिचं?"

खोकल्याच्या दोन-चार उबळी आल्या. तेवढ्यावर भागलं असतं. पण तुझे शिपाई तात्या दाराजवळ हात जोडून उभे राहिले. म्हणाले, "मास्तर, राग मानू नगा. त्यो ठिपका म्हंजे राव तितवर वाचून थांबलेलं. पानाचा कान मुडपायचा न्हाय म्हनून ते पेन्सलीनं ठिपका द्यायचं. दुसऱ्या दिशी पुढं गेलं की खोडायचं."

इथे शहाण्या माणसानं खाली बसावं. मी विचारलं, "मग हा का नाही खोडला?"

तात्या जमिनीकडे बघत म्हणाले, "पुढं गेलंच न्हाईत."

सभा हसली. वकीलसाहेबांनी तोंडावर उपरणं धरलं. आख्ख्या वाचनालयात एकच माणूस हसला नाही. तो जळोचीचा केरबा, खांबाला टेकून खाली बघत बसला होता. आणि गजानन, मला सगळ्यांत जास्त राग आला तो त्याच्या न हसण्याचा.

हा राग आजचा नाही. तुला ते ठाऊक होतं. पण आपण त्याबद्दल कधी बोललो नाही, म्हणून आता एकटाच बोलतो.

तुझ्या वाचनालयाचं काय वेड लागलं होतं लोकांना! पुस्तक कुठलंही असो, 'गजाननरावांच्या हातची प्रत' पाहिजे. बारामतीच्या वाचनालयात नवीकोरी प्रत कपाटात पडून असायची आणि लोक तीच कादंबरी तुझ्याकडून मागवायचे, का, तर समासात तुझं बारीक, उभट अक्षर असायचं म्हणून. एका ऐतिहासिक कादंबरीत तू लिहिलं होतंस, 'राजकन्या तिसऱ्यांदा मूर्च्छित. वैद्य बोलवा.' एका काव्यसंग्रहाच्या विसाव्या पानावर नुसतं, 'चंद्र पुरे.' एका पंडिताच्या प्रबंधात, 'लेखक हे आपल्याला सांगत नाही, स्वतःलाच पटवतो आहे.' कायदेभंगाच्या दिवसांत फौजदार झडतीला आला आणि राजद्रोह शोधता शोधता समास वाचत तासभर तुझ्याच खुर्चीत बसून राहिला. जाताना दोन कादंबऱ्या घरी घेऊन गेला. त्या परत आल्या की नाही, ते तात्यांना विचारायला पाहिजे.

आणि मी? मी पुण्याच्या मासिकात परीक्षणं लिहायचो. रस, अलंकार, औचित्य, स्वभावरेखाटन, शेवटी मुद्रणदोषांची यादी. एका परीक्षणाला आठ-आठ पानं. मला वाटायचं, या तालुक्यात साहित्याचा न्यायाधीश मी आहे. पण लोक फिर्याद घेऊन यायचे तुझ्याकडे. बाजाराच्या दिवशी एक गूळ-अडत्या माझ्या तोंडावर म्हणाला होता, "मास्तर, तुमचं परीक्षण वाचलं. चांगलं असंल. पन ते पुस्तक वाचावं का न वाचावं, त्ये काय कळंना."

आपला वाद आठवतो? तुझ्या ओसरीवर, शेंगा फोडत. मी म्हणायचो, "गज्या, तू मत देतोस. मत म्हणजे समीक्षा नव्हे. समीक्षेला तत्त्व लागतं. तुझं तत्त्व कोणतं?"

तू टरफलं फुंकत म्हणायचास, "तत्त्व कसलं? वाचताना मला काय झालं, ते मी लिहितो."

"तुला जे झालं ते दुसऱ्याला होईल कशावरून?"

"नाही होणार. मग तो माझ्याखाली स्वतःचं लिहील. समास काय माझ्या बापाचा आहे?"

"आणि लेखकाला जे म्हणायचं होतं ते?"

"ते त्यानं म्हटलंय की. म्हणायचं राहिलं असेल तर ते मी कुठून आणू?"

मी उठून जायचो. दुसऱ्या रविवारी तोच वाद पुन्हा पहिल्यापासून. पंधरा वर्षं आपण तो वाद घातला आणि तू मध्येच उठून गेलास. नेहमी उठून जाणारा मी असायचो. ही तुझी खेप माझ्या हिशेबात नव्हती.

आता केरबाकडे येतो. यायलाच हवं.

केरबा हा माझा विद्यार्थी. माळ्याचा मुलगा, फायनलची परीक्षा पास झाला आणि पुन्हा वांगी-गवारीत गेला. शाळेत मी त्याला 'बैल' या विषयावरच्या निबंधात नापास केलं होतं. निबंधात 'बैल हा एक उपयुक्त पशू आहे' हे वाक्य नव्हतं, म्हणून. त्यानं सात वर्षांपूर्वी एक लहानसं पुस्तक लिहिलं, पुण्याच्या कुठल्याशा छापखान्यातून ओळखीनं छापून आणलं, आणि पहिली प्रत मला न देता इंदापूरला जाऊन तुला दिली. का दिली नाही मला? मी गुरू! मी ती तुझ्याकडून परगावचा सभासद म्हणून रीतसर नोंद करून आणली. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसलो आणि उघडली.

समास भरलेले होते. पहिल्या पानापासून. 'इथे पाल्हाळ.' 'हा शब्द पुस्तकी. तुझ्या घरात काय म्हणतात ते लिही.' 'आई फार लवकर रडली.' 'खोटं.' तू त्याला झाडलं होतंस, गजानन, पानापानावर झाडलं होतंस, आणि मी जळत होतो. कौतुकावर कुणीही जळेल. मी शिव्यांवर जळलो. एखाद्याला इतकं रागवावं म्हणजे तो किती जवळचा!

मग ते पान आलं. त्यांच्या शेतात कालव्याच्या चारीचं पाणी आलं आणि बापानं विहिरीवरची मोट सोडली, तो भाग. मोटेचे बैल धावेवर उताराला पुढे जातात आणि मोट पुन्हा विहिरीत सोडायला उलट्या पावलांनी मागे सरतात, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत. केरबानं लिहिलं होतं की मोट सुटली, बैल गोठ्यात उभा राहिला. पण रोज दिवस उगवायच्या वक्ताला तो दावणीशी उभ्या उभ्याच चार पावलं मागे सरायचा. मग दावं ताणलं गेलं की थांबायचा. बाप ते बघायचा आणि तोंड फिरवायचा. बस, इतकंच.

त्याच्या शेजारी तुझी नोंद होती : 'इथे पुस्तक मिटलं. उन्हात जाऊन आलो.'

मी ती नोंद वाचली. नंतर पुन्हा तो बैल वाचला. आठ पानी परीक्षणं लिहिणाऱ्या मला तेव्हा कळलं की बैल खरा आहे आणि नोंदही खरी आहे. आणि कळल्यावर मी काय केलं? टेबलाच्या खणात पोरांच्या चित्रकलेचा रबर होता. तो घेतला आणि तुझी नोंद खोडली. बाकीच्या सगळ्या शिव्या ठेवल्या. नीट, हलक्या हातानं खोडली, कागदाला बाक येऊ दिला नाही. इतकं काळजीपूर्वक काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही. पुस्तक दुसऱ्या दिवशीच्या मोटारीनं परत पाठवलं.

केरबानं त्यानंतर स्वतःची ती प्रत तुझ्याकडून वाचायला नेली, असं तात्या म्हणाले होते. म्हणजे त्याला सगळ्या शिव्या मिळाल्या. ते एक वाक्य तेवढं मिळालं नाही.

तू काहीच बोलला नाहीस. फक्त पुढच्या महिन्यापासून तू समासात शाईनं लिहायला लागलास. लोक चक्रावले. गजाननरावांनी पेन्सिल का सोडली? कुणी म्हणालं, नजर मंदावली. कुणी म्हणालं, मतं पक्की झाली. मीही मान डोलावली, "हो, मतं पक्की झाली असतील." आख्ख्या इंदापूर-बारामतीत कारण ठाऊक असलेली दोनच माणसं, आणि दोघंही गप्प.

पण ती खोडलेली जागा तू कोरीच ठेवलीस. शाईनं पुन्हा लिहिणं तुला एका क्षणाचं काम होतं. तू लिहिलं नाहीस. मी वर्षातून दोनदा तरी काहीतरी निमित्त काढून ते पुस्तक कपाटातून काढायचो आणि बघायचो. कोरं. तेव्हा मला वाटायचं, सुटलो. आता वाटतं, तू ती जागा माझ्यासाठी राखून ठेवली होतीस. मी येऊन म्हणेन, 'गज्या, ते मी केलं,' म्हणून. सात वर्षं वाट बघितलीस. मी शेंगा खाल्ल्या, चहा प्यालो, तत्त्वावर भांडलो आणि शेवटची मोटार गाठली.

ईर्ष्येनं मी 'कुमुदिनी' लिहिली. तीनशे पानं. केरबाचं पुस्तक साठ पानांचं, म्हणजे मी पाचपट साहित्यिक. प्रत घेऊन तुझ्याकडे आलो तेव्हा तू मला भेट म्हणून एक नवाकोरा पांढरा रबर दिलास. मुद्दाम पुण्याहून आणलेला. म्हणालास, "घे. लेखकाला लागतो." मी भारावलो! घरी येऊन बायकोला दाखवला. "बघ, गजाननानं मला लेखक म्हटलं." तिनं रबर उलटासुलटा केला, माझ्याकडे बघितलं आणि पोळ्या लाटायला गेली. मला वाटतं, तिला कळलं असावं. मला कळायला तुला जावं लागलं.

मग मी वाट बघायला लागलो, तुझ्या समासाची. शिव्या चालतील म्हटलं, भरपूर चालतील. 'खोटं' असं प्रत्येक पानावर लिही. तीन महिन्यांनी प्रत बघितली. पहिलं पान कोरं. दहावं कोरं. विसावं, तिसावं कोरं. एक्केचाळिसाव्यावर, कुमुदिनीच्या नेत्रांशेजारी, पेन्सिलीचा एक ठिपका. पुढे शेवटपर्यंत काही नाही. तू त्या वेळी बाकी सगळं शाईनं लिहीत होतास आणि माझ्यासाठी तेवढी पेन्सिल काढलीस! मी त्याचा अर्थ लावला. समीक्षक ना मी! बाकीच्यांना शाई, ती परक्यांची. मला पेन्सिल, म्हणजे जुनी मैत्री. केरबाला शब्द, मला शब्दांपलीकडचं. त्या एका ठिपक्यावर मी चार वर्षं जगलो. शाळेत सांगितलं, बाजारात सांगितलं, जावयाला पत्रात लिहिलं. तुला मात्र विचारलं नाही. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, आणि तीच तर भीती होती.

शोकसभेनंतर मी ती 'कुमुदिनी' तात्यांकडून नोंद करून घरी आणली. म्हटलं, निदान तू जिथे थांबलास तिथून पुढचं मी तरी वाचावं. छापल्यापासून मी ते उघडलं नव्हतं. रविवारी दुपारी जेवून बसलो. बेचाळीस. त्रेचाळीस. कुमुदिनी रडत होती. चव्वेचाळीसवर ती चंद्राशी बोलायला लागली. सेहेचाळिसाव्या पानावर मी पुस्तक पालथं घातलं, नंतर लाज वाटून सरळ केलं, आणि पेन्सिलीनं समासात एक ठिपका दिला. गजानन, तुझ्यापेक्षा मी पाच पानं पुढे गेलो. आपल्या आयुष्यात मी तुला हरवलं ते एवढंच.

तो ठिपका दिल्यावर हात आपोआप खोडरबराकडे गेला. तुझाच पांढरा. इतक्या वर्षांत वापरलेला नव्हता, कडा अजून धारदार होत्या. तो हातात घेऊन बराच वेळ बसलो. रडलो असंही म्हणता येईल, पण कऱ्हेचा महापूर वगैरे काही नाही. नाक गळलं, धोतराच्या सोग्याला पुसलं.

तुझं एक वाक्य आता या जगात फक्त माझ्याकडे होतं. कागदावर नाही, केरबाकडे नाही, तुझ्याकडेही नाही. मी मेलो की ते संपलं. हेवा करून मी जे चोरलं, त्याचा शेवटचा रखवालदार मीच. आणि खरं सांगू? एक क्षण बरं वाटलं. गजाननाचं सर्वांत सुंदर मत, आणि ते एकट्या माझं! जळकेपणा किती तळापर्यंत जातो बघ. माणूस गेल्यावरही मी तुझ्यातला एक तुकडा केरबाला द्यायला तयार नव्हतो.

काल गेलो. जळोचीपर्यंत चालत. केरबा चारीच्या कडेला गवारीच्या शेंगा धुवत होता. मला बघून उठला, पटक्यानं हात पुसले.

"मास्तर? या की. एवढ्या उन्हाचं?"

मी बसलो नाही. बसलो असतो तर हवापाण्यावर बोललो असतो. उभ्यानंच सांगितलं. तुझी नोंद, रबर, रिकामा वर्ग, सगळं. नोंद तर शब्दन् शब्द सांगितली : "इथे पुस्तक मिटलं. उन्हात जाऊन आलो."

पाटाचं पाणी चाललं होतं, शेंगांची टोपली त्यात अर्धी बुडालेली. मग त्यानं विचारलं, "उन्हात कुठवर गेलतं राव?"

मी सात वर्षं ते वाक्य जपलं, पण हा प्रश्न मला कधी सुचला नाही. "तेवढं लिहिलं नव्हतं," मी म्हणालो.

"कचेरीकडं गेलं असतील," तो म्हणाला. "तितं चिंचेखाली बैलं बांधत्यात." आणि त्यानं तोंड फिरवलं, अगदी त्याच्या पुस्तकातल्या बापासारखं.

मग पाण्यातल्या शेंगा चाळवत म्हणाला, "खोडलं कशापायी?"

"जळलो."

"माज्यावर?" त्याला खरंच नवल वाटलं. "तुमी?"

मी म्हणालो, "तुझं पुस्तक चांगलं आहे, केरबा. निबंधही चांगला होता." हे दोन्ही मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, आणि म्हणताना दातात खडा आल्यासारखं झालं, हेही तुला कळव‍तो.

त्यानं टोपली वर काढली, पाणी निथळू दिलं. मग जरा चाचरत म्हणाला, "मास्तर, एक इचारू? तुमचं पुस्तक मी वाचलं. पुरं वाचलं, दोनदा."

गजानन, ऐकलंस? पुरं! तीनशे पानं! तुला जमलं नाही, मला जमलं नाही, आणि हा बाबा दोनदा शेवटापर्यंत गेला होता. मी ताठ झालो. म्हटलं, आता येतो निकाल.

"त्या कुमुदिनीचा भाऊ पैल्या परकरनात फौजंत जातोय," केरबा म्हणाला. "त्यो परत आला का वो? मला काय घावला न्हाय. म्हटलं, माज्याच वाचन्यात चुकलं."

भाऊ? मी आठवायला लागलो. कुमुदिनीला भाऊ होता? फौजेत? पहिलं प्रकरण डोळ्यांपुढे आणलं, शेवटचं आणलं. भाऊ कुठेच नव्हता. मी त्याला लढाईवर पाठवला होता आणि पुढच्या दोनशे नव्वद पानांत विसरून गेलो होतो.

केरबाला माझ्या तोंडावरूनच उत्तर कळलं. मग त्यानं टोपली डोक्यावर घेतली, वाटेला लागला, आणि चार पावलांवर थांबून मागे न बघताच म्हणाला,

"मास्तर, माजं खोडलेलं तुमाला सात वर्सं पाठ हाय, आन तुमचं छापलेलं तुमालाच ठावं न्हाय!"